कुत्र्याला फिरवताना मुंगूस, कोल्हा किंवा साप समोर आला तर नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की तुमचा दोन वर्षांचा, अंगाने दणकट कुत्रा तिन्हीसांजेला फिरताना झुडपातून मुंगूस किंवा कोल्हा निघाला की हातातली लीश सुटेल इतक्या जोरात झेपावतो. अशा वेळी ओरडायचं, ओढायचं की उभं राहायचं, आणि समोर साप असला तर काय?

शहरात राहणाऱ्या बहुतेक वन्य प्राण्यांना तुमच्याशी भांडायचं नसतं, निसटायचं असतं. भिंत, कुंपण किंवा गटार यांच्यात कोंडलेला, पिल्लांजवळचा किंवा कुत्र्याने अंगावर घेतलेला प्राणी मात्र उलटतो. म्हणून प्राणी दिसला की आधी त्याची पळायची वाट कुठे आहे ते बघा आणि तुम्ही दोघं त्या वाटेतून बाजूला व्हा. बाकी सगळं यानंतर.

आता कुत्र्याकडे बघू. शिकारीची ओढ टप्प्याटप्प्याने चढते: आधी वास, मग नजर, मग दबा, मग धाव. वासाच्या टप्प्यावर कुत्र्याला तुमचा आवाज ऐकू येतो. नजर खिळली की तोंड मिटतं, कान पुढे येतात, शेपूट ताठ होते आणि वजन पुढच्या पायांवर जातं. इथून धाव सुरू व्हायला एक-दोन सेकंदच असतात, आणि जे करायचं ते याच वेळात. एकदा धाव सुरू झाली की नाव घेऊन ओरडणं फुकट जातं. उलट, नाव ऐकूनही काही करावं लागत नाही, हे कुत्रा शिकतो.

त्या दोन सेकंदांसाठी एकच गोष्ट पक्की शिकवा: वळणं. घरात, काहीच घडत नसताना, ठरलेला शब्द आनंदी आवाजात म्हणा (‘चल मागे’ चालेल), कुत्र्याकडे पाठ करून चार-पाच पावलं चाला आणि तो गुडघ्याशी आला की तिथेच वाटाण्याएवढी ट्रीट द्या. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा, साधारण आठवडाभर. मग अंगणात, मग रिकाम्या रस्त्यावर, आणि शेवटी लांबवर मांजर किंवा कबुतर दिसत असताना. अंतर बरोबर आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: कुत्रा प्राण्याकडे बघूनही ट्रीट खात असेल तर ठीक. आवडता तुकडाही नाकारत असेल तर तुम्ही फार जवळ आहात, दहा पावलं मागे या.

यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे तो शब्द फक्त प्राणी दिसल्यावरच वापरणं. मग कुत्र्याच्या डोक्यात त्याचा अर्थ ‘समोर शिकार आहे’ असा बसतो आणि शब्द ऐकताच तो मान वर करून शोधू लागतो. म्हणून रोजच्या फेरीत पाच-सहा वेळा काहीही कारण नसताना वळा. दुसरी चूक म्हणजे आधी लीश ताणून मग वळणं. ओढलेला कुत्रा उलट्या दिशेला जोर लावतो आणि ताणामुळे आणखी पेटतो. आधी शब्द, मग तुमचं वळणं, लीश शेवटी.

लीश दीड ते दोन मीटरची, साधी, पट्टीची घ्या. लांब-आखूड होणारी फ्लेक्सी लीश अशा भागात वापरू नका, हे माझं ठाम मत आहे. पाच मीटर मोकळे मिळाले की कुत्रा पूर्ण वेग घेतो, शेवटी मानेला हिसका बसतो, आणि ती बारीक दोरी हातात धरली तर कातडी सोलून निघते. लीशचा फास अंगठ्यात अडकवून मूठ बंद करा. मनगटाला किंवा बोटांना वेढे देऊ नका. जोरदार कुत्र्यासाठी छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस बरा, कारण त्याने झेप घेतली की तो आपोआप बाजूला वळतो. घाबरलेला कुत्रा मात्र मागे सरकून हार्नेसमधूनही निसटतो. म्हणून पट्ट्याखाली दोनच बोटं जातील इतकी घट्ट बांधणी ठेवा आणि हार्नेस व कॉलर एका छोट्या पट्टीने एकमेकांना जोडा. अंधारात टॉर्च कमरेपाशी न धरता डोळ्यांच्या उंचीवर धरा. प्राण्यांच्या डोळ्यांतून परतणारा उजेड जिथून आला तिकडेच जातो, त्यामुळे तरच ते चमकणारे डोळे तुम्हाला लांबून दिसतील.

साप दिसला तर अंतर मोजताना लोक हमखास चुकतात, कारण ते स्वतःच्या पायापासून मोजतात. मोजायचं कुत्र्याच्या नाकापासून. साप साधारणपणे स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत झेप घेतो. कुत्र्याचं नाक सापापासून निदान तीन मीटर लांब हवं, आणि लीश दोन मीटरची असेल तर तुम्ही स्वतः पाच मीटरवर हवेत. तिथे थांबून नीट बघायचा मोह टाळा. लीश आखडती घ्या, आल्या वाटेने मागे जा आणि सापाला जाऊ द्या. मेलेला साप हुंगू देऊ नका. तुटलेलं डोकंही काही काळ चावू शकतं.

कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायांवर होतो. दंश झालाय असं वाटलं तर वेळ बघून ठेवा, कॉलर आणि हार्नेस लगेच काढा (सूज आली की तेच गळफास होतात) आणि कुत्र्याला चालवू नका. मोठा कुत्रा चादरीच्या झोळीत दोघांनी उचलावा. वाटेतच पशुवैद्याला फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा, नसेल तर कुठे मिळेल ते विचारा. आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं यांतलं काहीही करू नका. माणसांची वेदनाशामक गोळीही देऊ नका. घोणसासारख्यांच्या दंशात सूज, तीव्र वेदना आणि रक्तस्राव दिसतो. नागासारख्यांच्या दंशात पापण्या जड होतात, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात आणि श्वास मंदावतो, आणि हे कधीकधी उशिरा दिसतं. म्हणून कुत्रा तासाभराने ठीक वाटतोय एवढ्यावर घरी परत आणू नका.

कोल्हा किंवा खोकड ठरावीक अंतर ठेवून मागे मागे येत असेल तर जवळपास बीळ आणि पिल्लं असण्याची शक्यता मोठी आहे. तो तुम्हाला हद्दीबाहेर पोचवत असतो. पळू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून, हात वर करून, मोठ्या आवाजात बोलत मागे सरका. लहान कुत्रा प्राणी लांब असतानाच उचलून घ्या. प्राणी जवळ आल्यावर वाकलात तर तुमचा चेहरा त्याच्या टप्प्यात येतो. बिबट्याचा वावर असलेल्या भागातही हेच, फक्त तिथे खाली वाकणं किंवा पाठ फिरवणं जास्तच धोक्याचं. अशा भागात मी अंधारातली फेरी बंदच करा म्हणेन.

माकडांसमोर डोळ्यांत बघू नका, दात दाखवून हसू नका आणि ट्रीटची पिशवी खिशात टाका. एका माकडावर भुंकलेला कुत्रा अख्ख्या टोळीला खाली बोलावतो. साळिंदर काटे फेकत नाही, ते पाठ करून मागे सरकत अंगावर येतं; रुतलेले काटे कापू किंवा उपटू नका, ते काम पशुवैद्याने भूल देऊन करायचं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तर अंडी किंवा पिल्लं जवळच जमिनीवर आहेत, आल्या पावली मागे फिरा.

टोड, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, कुत्र्याने तोंडात धरला तर लगेच तोंडाला फेस येतो. कुत्र्याचं तोंड खाली धरून, तोंडाच्या बाजूने मागून पुढे पाण्याची धार पाच ते दहा मिनिटं सोडा आणि ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. पाणी घशात जाऊ देऊ नका. झटके येऊ लागले किंवा तोल जाऊ लागला तर तडक दवाखाना. मेलेला उंदीर खाल्ला असेल तर कुत्रा बरा दिसला तरी त्याच दिवशी पशुवैद्याला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या उंदीरविषाची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, तोवर वेळ निघून गेलेली असू शकते. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होतो आणि त्यावर लस असते.

झटापट झालीच तर रेबीज गृहीत धरूनच चाला. वटवाघूळ, मुंगूस, कोल्हा यांच्याकडून तो येऊ शकतो. दिवसाढवळ्या न घाबरता अंगावर येणारा, तोल जाणारा किंवा लाळ गळणारा प्राणी दिसला तर तिथून निघा आणि वन विभागाला कळवा. कुत्र्याच्या जखमेवर त्या प्राण्याची लाळ असते, म्हणून हातमोजे घालूनच तिला हात लावा. तुम्हाला ओरखडा जरी आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कुत्र्याची रेबीजची लस वेळेवर झालेली असली तरी अशा चाव्यानंतर लगेच बूस्टर (लसीचा जादा डोस) लागतो, त्यामुळे लसीचं कार्ड फोनमध्ये ठेवा.

घरी आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, जांघेत आणि कॉलरखाली गोचिडी शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा; तेल किंवा पेटती काडी लावू नका. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या: ज्या झुडपाशी मुंगूस दिसलं तिथे कुत्रा पुढचे कित्येक दिवस ते शोधणार. आठवडाभर तरी ती गल्ली सोडा, आणि जावंच लागलं तर झुडूप यायच्या वीस पावलं आधीच लीश आखडती घ्या.