ग्रिप बदला, स्प्रिंगला हात लावू नका

तुम्ही विचारलंय की बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे शेत आहे, .४५ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आखूड पिस्तूल घ्यायचंय, हात लहान आहे. ते हाताला बसेल आणि ऐनवेळी दगा देणार नाही असं करून घेता येईल का?

.४५ आधी डोक्यातून काढा. ते आणि ९ एमएम निषिद्ध बोअरमध्ये येतात, साध्या लायसन्सवर मिळत नाहीत. आपल्याकडे बहुतेकांजवळ .३२ असतं, माझ्याकडेही कानपूरच्या फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. आणि त्यातही "सगळ्यात हलकं द्या" म्हणू नका. आखूड नळी आणि कमी वजन खिशाला बरं, पण झटका सगळा मनगटात येतो.

माझीही करंगळी मुठीखाली लोंबायची, दुसऱ्या गोळीला हत्यार हातात फिरायचं. रबरी ग्रिप, म्हणजे मुठीवरचं आवरण, बसवली, फरक पडला. पण जाड ग्रिप घेऊ नका. मागून जाडी वाढली की लहान हाताचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही आणि नेम बाजूला जातो. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज टेकलं पाहिजे, एवढं बघून घ्या.

इथवर थांबलो असतो तर बरं होतं. ट्रिगर जड वाटतो म्हणून दुकानातल्या कारागिराकडून आतली स्प्रिंग हलकी करून घेतली. ट्रिगर लोण्यासारखा झाला हो! रेंजवर गेलो तर सहातल्या दोन गोळ्या वाजल्याच नाहीत. काडतुसं काढून बघितली तर बुडाच्या टोपीवर, जिथं घोडा आपटतो तिथं, नुसता ओरखडा. घोडा पडत होता, पण जोर नव्हता. (गोळी वाजली नाही तर लगेच उघडू नका. नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, कधी कधी उशिरा उडते.) मूळ स्प्रिंग परत घातली, तेव्हापासून तक्रार नाही. आणि लायसन्स नसलेल्या मिस्त्रीकडे तर नेऊच नका. आर्म्स ॲक्टमध्ये दुरुस्तीलाही लायसन्स लागतं.

बाकी दगा देतो तो आपला पाऊस. चामड्याच्या पाकिटात ठेवलं की चामडं ओल धरतं, श्रावणापर्यंत सिलिंडरवर तांबूस ठिपके. फडक्यात गुंडाळून कपाटात कुलपात ठेवा. तेलाचा हात अगदी पुसट, कारण काडतुसाच्या टोपीत तेल मुरलं की तीही फुसकी जाते. निवडणुकीत ठाण्यात जमा करायला लागलं तर परत घेताना तिथंच नळीतून उजेड बघा. मला एकदा आत कोळ्याचं जाळं मिळालंय.

आणखी एक, हे आपल्या भागातल्यांनाच लागू. लायसन्सवर कुठल्या हद्दीपुरतं ते लिहिलेलं असतं. फक्त कर्नाटकापुरतं असेल तर महाराष्ट्रात चंदगडला पाहुण्यांकडे जाताना ते घरीच ठेवायचं. सीमेवरचं शिनोळी गाठलं की राज्य बदललं.