फॉर्म्युला वन शर्यतींतला ड्रायव्हर पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमकडे जाणार हे ठरलेलं असताना तो आताच्या टीमसाठी खरंच जीव तोडून चालवतो का?

तुमचं म्हणणं असं, की मर्सिडीज टीमच्या लुईस हॅमिल्टननं १ फेब्रुवारी २०२४ ला, हंगामाची एकही शर्यत झालेली नसताना, पुढच्या वर्षी फेरारीकडे जाणार हे सांगून टाकलं. मग अख्खं वर्ष तो मर्सिडीजसाठी मनापासून चालवत होता कशावरून? आणि मर्सिडीजनं तरी त्याला धड गाडी दिली असेल का?

माझ्या मते त्यानं चालवली आणि त्यांनीही दिली. जुलैत सिल्व्हरस्टोनला तो जिंकला, अडीच वर्षांहून जास्त काळानंतर. मर्सिडीजमधल्या शेवटच्या शर्यतीत, अबूधाबीला, सोळाव्या जागेवरून सुटून चौथा आला, तेही शेवटच्या फेरीत आपल्याच टीमच्या रसेलला मागं टाकून. टीम त्याला मुद्दाम मागं ठेवते असा एक निनावी ईमेल मध्ये फिरला होता, पण तो कुणाला पटावा असं मला वाटत नाही. दोन्ही गाड्यांचे गुण मिळून टीमचा क्रमांक ठरतो आणि त्या क्रमांकावर बक्षिसाचे पैसे. स्वतःची एक गाडी पाडायची म्हणजे स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारायची.

फेरारीत ज्याची जागा हॅमिल्टननं घेतली त्या साइंझचं उदाहरण तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फेरारीनं त्याला सोडायचं ठरवलं, तो पुढच्या वर्षी विल्यम्सकडे गेला. पण त्याच २०२४ मध्ये तो फेरारीसाठी ऑस्ट्रेलियात जिंकला, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पुढं मेक्सिकोही जिंकला.

मी बेळगावात उद्यमबागेत सीएनसीवर काम करतो, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल काढतो. पहिलं वर्कशॉप सोडताना महिनाभर आधी सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी मालकांनी नव्या पार्टीची ड्रॉइंग माझ्या टेबलावरून उचलली आणि मला जुना, चालू जॉब लावला. तेव्हा फार लागलं होतं मनाला. आता मला ते बरोबर वाटतं. मी चाललो होतो तिथंही तसलेच स्पूल निघत होते, आणि डोक्यात बसलेलं माप कुणी काढून ठेवू शकत नाही. त्या महिन्यात माझा एकही पीस रिजेक्ट होऊ नये म्हणून मी जेवढं जपलं, तेवढं एरवी कधी जपलं नसेल. उद्यमबागेत एक मालक दुसऱ्याला फोन करून विचारतोच, की पोरगा कसा आहे.

मर्सिडीजनंही हॅमिल्टनला पुढच्या गाडीच्या तांत्रिक चर्चांपासून लांबच ठेवलं. डिझायनरच्या बाबतीत तर याहून कडक असतं. एड्रियन न्यूई रेड बुल सोडणार हे मे २०२४ मध्ये जाहीर झालं, पण ॲस्टन मार्टिनमध्ये काम सुरू करायला त्यांना मार्च २०२५ उजाडला. ही भीती उगाच नाही. २००७ मध्ये फेरारीची ७८० पानं मॅक्लारेनच्या मुख्य डिझायनरच्या घरी सापडली. झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाला शंका आली आणि त्यानं फेरारीला कळवलं, म्हणून प्रकरण फुटलं. मॅक्लारेनला १० कोटी डॉलर दंड झाला.

कागदावरच्या भांडणाला वेगळी सोय आहे. एकाच ड्रायव्हरवर दोन टीमनी हक्क सांगितला तर करार तपासणारं एक मंडळ निकाल देतं. २०२२ मध्ये पियास्त्री हा ड्रायव्हर आमचा म्हणून अल्पीन टीमनं परस्पर जाहीर केलं, त्यानं स्वतःच नाही म्हटलं, आणि महिन्याभरात मंडळानं मॅक्लारेनच्या बाजूनं कौल दिला. झालं, मिटलं.

म्हणजे जाणारा माणूस उघड्यावर असतो. सगळ्यांची नजर त्याच्यावर असते. मला काळजी वाटते ती टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाची.

सिंगापूर, २००८. रेनॉ टीमच्या नेल्सन पिके ज्युनियरनं १४ व्या फेरीत गाडी भिंतीवर घातली. त्याच टीमचा अलोन्सो नुकताच पेट्रोल भरून, टायर बदलून बाहेर पडला होता. अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार आली, बाकीचे अडकले आणि पंधराव्या जागेवरून सुटलेला अलोन्सो जिंकला. पुढच्या वर्षी टीमनं काढल्यावर पिकेनं सांगितलं, की हे ठरवून केलेलं होतं. टीमचे प्रमुख होते फ्लाव्हिओ ब्रियातोरे. आणि पिकेचे मॅनेजरही तेच. त्यांच्यावर फिआनं, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेनं, बंदी घातली. २०१० मध्ये पॅरिसच्या कोर्टानं ती रद्द केली, आणि आता ते त्याच टीममध्ये, जिचं नाव आता अल्पीन आहे, परत आले आहेत. पण मी विचार करतो तो त्या तेवीस वर्षांच्या पोराचा. पुढच्या वर्षीचा करार अजून झालेला नाही. वरून असला हुकूम आला तर माणूस मॅनेजरकडे धावतो, म्हणतो माझ्या बाजूनं बोला. इथं बोलणार कोण?

हे मला आतून कळतं, कारण मला पहिल्या कामाला ज्यानं लावलं तोच माझा सुपरवायझर होता. माझ्या पगारातून त्याचं कमिशन कापलं जायचं. ओव्हरटाइम बुडाला तेव्हा मला त्याच्याकडेच जावं लागलं. तो म्हणाला, "बघूया की." दोन वर्षं बघतच राहिला.

दोन टीमचा एक मालक, हेही त्याच जातीचं. रेड बुलकडे २००६ पासून दोन टीम आहेत. २०२४ च्या सिंगापूरमध्ये मॅक्लारेनचा नॉरिस जिंकत होता आणि सर्वांत वेगवान फेरीचा एक जादा गुणही त्यालाच मिळणार होता. धाकट्या टीमचा रिकार्डो अठरावा, त्याला त्या गुणाचा काही उपयोग नाही, कारण तो पहिल्या दहातल्यालाच मिळायचा. तरी शेवटी नवे मऊ टायर लावून त्यानं ती फेरी मारली आणि नॉरिसचा गुण गेला. फायदा झाला जगज्जेतेपदासाठी नॉरिसशी झुंजणाऱ्या मोठ्या टीमच्या व्हेरस्टॅपेनला, त्यानं रेडिओवर आभारही मानले. ती रिकार्डोची शेवटची शर्यत ठरली, काही दिवसांतच त्याच्या जागी लॉसन आला. २०२५ मध्ये लॉसनला मोठ्या टीममध्ये चढवलं आणि दोन शर्यतींत खाली उतरवलं.

वेगवान फेरीचा तो जादा गुण २०२५ पासून काढून टाकला आहे. दोन टीमचा मालक मात्र अजून एकच आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथं शोधेन.