मुंबई ते न्यूयॉर्क: अंतराचा आणि वेळेचा हिशेब

पहिल्यांदाच आई-बाबांचं तिकीट काढताय ना? मग सुरुवातीला एवढंच बघा.

अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. तो पार उत्तरेकडून, युरोपच्या वरच्या भागातून जातो. हे झालं साधारण १२,५०० किमी. मीही सुरुवातीला याला ताशी ९०० ने भागून १४ तास काढले होते! प्रत्यक्षात थेट विमानाला सोळाच्या आसपास लागतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, वळसे आणि समोरून येणारा वारा हे सगळं त्यात आलं. परतताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ कमी लागतो.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- तिकिटावर निघणं पहाटे १:३०, पोचणं त्याच दिवशी सकाळी ७:३०. म्हणजे सहा तास? नाही हो. दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणून प्रवास साडेसोळा तासांचा. उन्हाळ्यात फरक साडेनऊचा.
- १२ तारखेची पहाटे १:३० म्हणजे विमानतळावर ११ च्या रात्रीच पोचायचं. यात आमचे एक काका चक्क एक दिवस उशिरा गेले होते.

मधे थांबा असेल तर एकूण तास बघा, नुसते हवेतले नकोत. आई-बाबांसाठी दीड तासाचा थांबा घेऊ नका, धावपळ होते. तीन तास बरे.

जेट लॅग, सीट वगैरे नंतर बोलू. आधी तारीख पक्की करा.