लाचखोराला 'फाशी' की 'देहांतदंड'?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय: "चीनमध्ये लाचखोर अधिकाऱ्याला फाशी, अशी मराठी बातमी वाचली. शेजारच्या काकांच्या गुजराती पेपरात तिथे 'देहांतदंड' होतं. दोन्ही एकच ना?"

एकच नाही ताई, आणि या वेळी काकांचा पेपर बरोबर आहे. फाशी आली फासातून, फास आला संस्कृत 'पाशा'तून. फासेपारध्यांचा फास तोच. म्हणजे फाशी म्हटली की गळा आणि दोर आलाच. आपल्याकडे न्यायालयाने दिलेली मृत्युदंडाची शिक्षा गळफासानेच अमलात येते, त्यामुळे फाशी आणि मृत्युदंड एकमेकांच्या जागी खपून जातात. चीनच्या कायद्यात मात्र दोर नाहीच; तिथे बंदुकीची गोळी किंवा विषारी इंजेक्शन. हुआरोंग या सरकारी वित्तसंस्थेचे माजी अध्यक्ष लाई शियाओमिन यांना ५ जानेवारी २०२१ला शिक्षा सुनावली गेली आणि २९ तारखेला ती अमलात आली. लाचेचा आकडा १७८ कोटी युआनच्या वर. अशा बातमीत 'मृत्युदंड' किंवा 'देहदंड' लिहावं.

चीनमधल्या पुष्कळ निकालांत या शिक्षेला दोन वर्षांची स्थगिती असते, आणि पुढे बहुधा तिची जन्मठेप होते. याला कुणी 'निलंबित फाशी' म्हणालं की मला हसू आवरत नाही. निलंबित म्हणजे मुळात लटकलेला. इथे फाशीच लटकली! 'स्थगित मृत्युदंड' म्हणा, भागतं.

बोलण्यात मात्र फाशीवर पहारा बसवू नये. दुधात पाणी सापडलं की आमची आई पातेलं पुढे सरकवून म्हणायची, "मेल्याला फाशी द्या!" दूधवाला उद्या पुन्हा येणार हे तिलाही ठाऊक असायचं. शिक्षांचे शब्द असेच बोथट होत जातात. रायगडच्या टकमक टोकाशी जोडलेला कडेलोट आता संयमाचा होतो. सुळी देणं गेलं, पण 'सुळावरची पोळी' उरली: जिवावर बेतेल अशी कमाई. लाई यांच्या लाचेला याहून नेमका शब्दप्रयोग मला तरी सुचत नाही. आणि 'दंड' तर पार पावतीवर आला, हेल्मेट नसलं की भरायचा. म्हणून त्याच्याआधी 'देह' किंवा 'मृत्यू' लावावा लागतो.

ताईंचा पुढचा प्रश्न: "गुजराती 'लांच' आणि आपली 'लाच' एकच का?" हो, दोन्ही संस्कृत 'लञ्चा'पासून. आपल्या बडोद्याने या खात्यात आणखी एक शब्द घातलाय, तो म्हणजे खटपट. पुण्याकडे खटपट्या माणूस म्हणजे उद्योगी, कौतुकाचा. इथे गुजरातीच्या शेजाराने त्याला कारस्थानाचा वास आहे. रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, जेम्स औट्रम यांनी १८५१मध्ये बडोद्यातल्या लाचखोरीचा अहवाल मुंबई सरकारला पाठवला, तो 'खटपट' याच नावाने इंग्रजांच्या दप्तरात गाजला. त्या खटपटीपायी पद मात्र औट्रमसाहेबांचंच गेलं.