बाबाले आवाज येते पण शब्द समजत नाही, असं काहून होते?
भाऊ, तू म्हणतो का बाबाले हाक ऐकू येते पण बोललेलं समजत नाही आन जोरात बोललं का "ओरडतो काहून" म्हणून खेकसतात, तर हे नाटक नाही, बहुतेक वयामुळे आलेलं बहिरेपण हाय.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असते, त्यात आवाज टिपणाऱ्या १५-१६ हजार बारीक केसपेशी. बारीक, चिरक्या आवाजाच्या पेशी पहिले मरतात आन माणसात त्या परत उगवत नाहीत. मंग अ, ओ असे जाड आवाज येतात, पण स, श, फ गळतात. म्हणून तू साखर म्हटलं का ते भाकर आणतील! उरलेल्या पेशीले मोठा आवाज एकदम टोचते, म्हणून खेकसतात. जन्मभर थ्रेशरपाशी कान उघडे ठेवून उभे राहिले असतील तर हे अजून लवकर होते.

पहिले कानात मळ हाय का ते डॉक्टरकडून पाहून घे, घरी गरम तेल बिलकुल टाकू नको. मंग जिल्हा रुग्णालयात ऑडिओमेट्री (किती ऐकू येते त्याची तपासणी) करून घे, कानाचं मशीन त्याच्यावरून सेट होते, बाजारातली कोणतीबी उचलून लावू नको. घरी टीव्ही बंद करून, समोर बसून, हळूहळू बोल, ओरडून फायदा नाही.

आन एकाच कानानं अचानक ऐकू येणं बंद झालं तर सोंगणी-बिंगणी सोड, त्याच दिवशी दवाखान्यात ने, तिथं उशीर चालत नाही.