कुत्रं प्रदक्षिणा घालतं म्हणजे ते भक्ती करतं का?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं प्राण्यांच्या मनाबद्दल होती, त्यांना कळतं का, वाटतं का, देव समजतो का. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ आणि ही सगळी जागा त्यालाच देते.

प्रश्न: नमस्कार ताई. आमच्या गावात मारुतीच्या देवळात एक भटकं कुत्रं परवापासून मूर्तीभोवती गोल गोल फिरतंय, काही खात नाही, दमलं की तिथेच बसतं आणि परत उठून फिरतं. व्हिडिओ सगळीकडे गेलाय, बाहेरगावाहून लोक दर्शनाला येतायत, कोणी हार पण घातला. सासूबाई म्हणतात मागच्या जन्मीचा साधू असणार, नवरा म्हणतो सगळी अंधश्रद्धा. मला दोघांचंही पटत नाही. काय समजायचं? (एक वाचक, जि. परभणी)

उत्तर: ताई, समजायचं काय ते नंतर बघू, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. कुत्रं सारखं गोल फिरतं हे आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तिथे इन्फेक्शन झालं किंवा मेंदूला सूज आली, गाठ झाली की कुत्र्याला सरळ चालताच येत नाही, ते एका बाजूला ओढलं जातं. लांबून नीट बघा, डोकं एका बाजूला कललंय का, बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलतायत का, फिरताना कायम एकाच दिशेने फिरतं का. तोल गेला की मळमळतं म्हणून ते खात नसेल, तो काही उपास नाही. आणि डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक संसर्गजन्य आजार, किंवा रेबीजसुद्धा असू शकतो, त्यामुळे डॉक्टर बघेपर्यंत कोणी हात लावू नका, हार घालायला जवळ जाऊ नका, पोरांना तर अजिबात जाऊ देऊ नका. पाण्याचं भांडं लांबून सरकवून ठेवा.

आता तुमच्या घरातल्या वादाबद्दल. सासूबाईंना त्या कुत्र्यात कोणीतरी आहे असं वाटतंय आणि त्या बाबतीत त्या बरोबर आहेत, तिथे खरंच कोणीतरी आहे, ज्याला आत्ता बहुतेक गरगरतंय आणि भीती वाटतेय. फक्त आपण त्याच्यावर आपली प्रदक्षिणा लादली आणि त्याचा त्रास बघायचा राहून गेला. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे. श्रद्धेला माझा विरोध नाही, पण दोन दिवस एक जीव धडपडतोय आणि पन्नास माणसं मोबाईल धरून उभी आहेत हे बघवत नाही.

दुसरं एक. देवळातली बरीच कुत्री रोज आरतीला बरोबर वेळेवर हजर होतात, त्याचेही व्हिडिओ येतात. त्यामागे साधारणपणे प्रसाद असतो. घंटा झाली की खोबऱ्याचा तुकडा मिळतो हे कुत्रं पटकन शिकतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी 1948 मध्ये कबुतरांवरचा एक प्रयोग छापला होता. भुकेली कबुतरं पेटीत ठेवली आणि ती काहीही करोत, ठराविक वेळाने दाणे पडायचे. थोड्या दिवसांनी एक कबुतर दोन दाण्यांच्या मध्ये गोल गिरक्या घ्यायला लागलं, एक पेटीच्या वरच्या कोपऱ्यात मान खुपसायला लागलं, जणू त्यामुळेच दाणे येतात. नंतर इतरांनी या प्रयोगाचा वेगळा अर्थही लावला, पण बाहेरून विधीसारखं दिसणारं वागणं आतून अगदी साधं असू शकतं एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

प्रश्न: आमच्या खिलारी जोडीतला एक बैल उन्हाळ्यात गेला. दुसरा गव्हाणीत तोंड घालेना, रात्री हंबरायचा, रिकाम्या दावणीकडे बघत राहायचा. पोरगं पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, ते म्हणतं बाबा ही नुसती इन्स्टिंक्ट असते, जनावराला मन वगैरे नसतं, आपण उगाच कल्पना करतो. खरं आहे का? (शेतकरी वाचक, जि. सांगली)

उत्तर: दादा, तुमचं पोरगं जे बोलतंय ते सतराव्या शतकातलं आहे. फ्रान्सचा तत्त्वज्ञ देकार्त म्हणायचा की जनावर म्हणजे घड्याळासारखं यंत्र. ते मत पुढे खूप वर्षं टिकलं पण आता सायन्समध्येच ते फार लोक धरत नाहीत. 7 जुलै 2012 ला केंब्रिजमध्ये मेंदूवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला की जाणिवेसाठी मेंदूत जी व्यवस्था लागते ती एकट्या माणसाकडेच नाही, सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारख्या जिवांतही ती आहे. मग एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कला आणखी एक जाहीरनामा झाला, त्यात म्हटलंय की सस्तन प्राणी आणि पक्ष्यांना जाणीव असते याला भक्कम आधार आहे, आणि मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, खेकडे, कीटक यांनाही ती असण्याची शक्यता खरीखुरी आहे, ती उडवून लावता येणार नाही.

हे नुसतं मतदान करून ठरलेलं नाही. उंदरांचं बघा. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात 2001 साली असं दिसलं की उंदीर ठरलेल्या वाटेवरून पळताना त्याच्या मेंदूतल्या पेशी ज्या क्रमाने पेटतात, झोपेत, म्हणजे ज्या झोपेत माणसाला स्वप्नं पडतात तसल्या झोपेत, त्या परत त्याच क्रमाने पेटतात, इतक्या की झोपलेला उंदीर मनातल्या मनात वाटेवर कुठे पोचलाय ते सांगता येत होतं. आणि कावळा. जर्मनीत ट्यूबिंगेनला 2020 मध्ये कावळ्यांना जेमतेम दिसेल इतका अंधुक प्रकाश दाखवला आणि दिसला की नाही हे खुणेने सांगायला शिकवलं होतं. प्रकाश तोच, पण कावळा कधी म्हणायचा दिसला, कधी म्हणायचा नाही, आणि मेंदूतल्या काही पेशी प्रकाशाप्रमाणे न वागता कावळ्याच्या उत्तराप्रमाणे वागत होत्या. म्हणजे त्याला आतून जे जाणवलं त्याचा माग मेंदूत मिळाला! पितृपक्षात आपण पान मांडून ज्याची वाट बघतो त्याच जातकुळीतला हा पक्षी आहे. लंडनमध्ये 2022 साली भुंग्यासारख्या जाड मधमाश्या छोटे लाकडी चेंडू नुसते ढकलत बसताना दिसल्या, त्यासाठी खायला काही मिळत नव्हतं तरी, म्हणजे आपण ज्याला खेळणं म्हणतो तेच.

तुमच्या बैलाबद्दल बोलायचं तर इंग्लंडमध्ये गायींवरच्या एका अभ्यासात जोडीदार गाय शेजारी असली की हृदयाचे ठोके कमी आणि अनोळखी गाय असली की जास्त, असं दिसलं होतं. वर्षानुवर्षं एका जूखाली चाललेला सोबती गेला तर बैलाला काहीच वाटत नाही हे म्हणणं मला जास्त अवघड वाटतं. पोराला सांगा, इन्स्टिंक्ट आहेच, ती आपल्यातही आहे, आईला पोराची ओढ असते ती काय पुस्तकात वाचून येत नाही. पण काही दुखतंय म्हणून त्याने वैरण सोडली नाही ना एवढं एकदा ताप बघून खात्री करून घ्या, आणि जमलं तर त्याला एकटा बांधू नका, दुसरं जनावर नजरेच्या टप्प्यात ठेवा.

प्रश्न: ताई, जाणीव असेल हो, पण अध्यात्म? चिंपांझी धबधब्यासमोर नाचतात आणि ती त्यांची पूजा असते असं वाचलं. यात तथ्य किती? (कॉलेज विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: नाचतात हे खरं. जेन गुडाल 1960 मध्ये टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात गेल्या आणि पुढे कितीतरी वर्षं चिंपांझींवर काम केलं. तिथल्या काकोंबे दरीतल्या धबधब्याचं त्यांनी केलेलं वर्णन असं आहे. चिंपांझी धबधब्याजवळ यायला लागला, पाण्याचा आवाज वाढला की अंगावरचे केस उभे राहतात, चाल बदलते, मग तो दोन पायांवर उभा राहून या पायावरून त्या पायावर डोलतो, पाण्यात पाय आपटतो, मोठाले दगड उचलून फेकतो, वेलींना धरून झोके घेतो. आणि मग हे सगळं झाल्यावर कधीकधी तो एका दगडावर बसतो आणि नुसता पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहतो. समोर शत्रू नसतो, खायला काही मिळणार नसतं. गुडाल यांना वाटायचं की आदिमानवाला निसर्गापुढे जो अचंबा वाटला आणि ज्यातून धर्म उगवले, तसलंच काहीतरी हे असावं. जोराचा पाऊस सुरू झाल्यावरही असंच वागणं दिसलंय.

2016 मध्ये अजून एक गोष्ट पुढे आली, पश्चिम आफ्रिकेत काही ठिकाणी चिंपांझी ठराविक झाडांवर दगड मारतात, त्यांच्या ढोलीत टाकतात आणि बुंध्याशी दगडांचा ढीग साठतो. झालं, लगेच पेपरांनी त्याला चिंपांझींचं देऊळ करून टाकलं. मला ते पटत नाही. चिंपांझी नर झाडाच्या रुंद मुळांवर हातपाय आपटून ढोलासारखा आवाज काढतातच, लांबच्यांना इशारा द्यायला, दगडही त्यासाठीच असण्याची शक्यता जास्त. धबधब्याचं मात्र मी इतक्या सहज सोडून देणार नाही, ते शेवटी शांत बसून बघणं मला विचार करायला लावतं.

डार्विनने 1871 च्या पुस्तकात स्वतःच्या कुत्र्याबद्दल लिहिलंय. गरम दिवस होता, हिरवळीवर उघडी छत्री पडली होती, जवळ कोणी माणूस नाही, आणि वाऱ्याने ती जराशी हलली की कुत्रं गुरगुरायचं, भुंकायचं. डार्विनला वाटलं की कुत्र्याच्या मनात नकळत असं येत असणार, कारण दिसत नाहीये पण हलतंय म्हणजे इथे कोणीतरी जिवंत आहे. भूतखेतं, देवता मानण्याची सुरुवात माणसातही अशीच झाली असेल असं त्याने त्यावरून मांडलं.

आता माझं मत विचारलंय म्हणून सांगते. अचंबा, भीती, शांत होणं, कोणाच्या तरी जवळ राहून बरं वाटणं, हे प्राण्यांत आहे असं मानायला जागा आहे. धर्म आहे असं मानायला नाही, कारण धर्माला गोष्ट लागते, ती पिढ्यानपिढ्या सांगावी लागते. पण अध्यात्म म्हणजे फक्त ग्रंथ आणि मंत्र नाही ना! कीर्तनात ज्या क्षणी आपल्याला काही सुचत नाही, नुसतं भरून येतं, त्या क्षणाला शब्द लागत नाहीत, मग तसला क्षण शब्द नसलेल्या जिवाला येणारच नाही हे कशावरून? थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने 1974 मध्ये वटवाघळाचं उदाहरण देऊन म्हटलं होतं की त्याच्या मेंदूचं सगळं कळलं तरी वटवाघूळ असताना आतून कसं वाटतं हे आपल्याला बाहेरून कळणार नाही. ही मर्यादा दोन्ही बाजूंना लागू आहे, पूजा करतात म्हणणाऱ्यांनाही आणि छे, शक्यच नाही म्हणणाऱ्यांनाही.

प्रश्न: एक कावळा मेला की शंभर जमून कावकाव करतात, तो शोक असतो का? (रत्नागिरी)

उत्तर: अमेरिकेत सिएटलला यावर काम झालंय. मुखवटा घातलेली माणसं हातात मेलेला कावळा घेऊन उभी केली. कावळे जमले, ओरडले, आणि नंतरही कित्येक आठवडे तो मुखवटा नुसता दिसला तरी ओरडत राहिले. म्हणजे इथे धोका कोणाचा आहे हे सगळे मिळून शिकत होते. त्यात दुःख नसतंच असं मात्र सिद्ध झालं नाही. आणि दुःखाचंच बघायचं तर 2018 मध्ये अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ताहलेक्वा नावाच्या ओर्का, म्हणजे काळ्यापांढऱ्या शिकारी देवमाशाच्या, मादीने आपलं मेलेलं पिल्लू 17 दिवस डोक्यावर तोलून समुद्रात वाहून नेलं, साधारण 1600 किलोमीटर, ते खाली घसरलं की बुडी मारून परत वर आणायची. 2025 च्या सुरुवातीला तिचं आणखी एक पिल्लू गेलं आणि तिने परत तेच केलं. याला शोक म्हणायला मला कुठल्याही प्रयोगाची गरज वाटत नाही.

प्रश्न: आरतीत शंख वाजला की आमचा टॉमी मान वर करून सूर लावतो. त्याला भक्तिभाव येतो का? (डोंबिवली)

उत्तर: लांबलचक, एका पट्टीतला आवाज कुत्र्याला लांडग्याच्या हाळीसारखा लागतो आणि हाळीला हाळीने उत्तर द्यायचं हे त्याच्या रक्तात आहे, अँब्युलन्सच्या भोंग्यालाही तो असंच करत असेल. पण तुम्ही सगळे एकत्र येऊन आवाज करताय आणि तोही तुमच्यात सामील होतोय, हे काही थोडं नाही. फक्त त्याचे कान आपल्यापेक्षा फार तिखट असतात, तर झांजा अगदी त्याच्या डोक्याशी वाजवू नका, आणि उठून आत जायला लागला तर जाऊ द्या.

प्रश्न: आमचा चौदा वर्षांचा कुत्रा मागच्या महिन्यात गेला. मुलगी विचारते की त्याला मोक्ष मिळाला का. आमच्यात काही सांगितलंय का याबद्दल? त्याच्या नावाने काही विधी करावा का? (बोरिवली)

उत्तर: सांगितलंय, आणि भरपूर सांगितलंय. तमिळनाडूत तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या आश्रमात लक्ष्मी नावाची गाय होती, 1926 पासून. ती 18 जून 1948 ला गेली तेव्हा महर्षी स्वतः तिच्याजवळ बसून होते, आणि नंतर तिच्या समाधीसाठी त्यांनी तमिळमध्ये श्लोक लिहिला त्यात तिथी-नक्षत्र देऊन लक्ष्मी मुक्त झाली असं म्हटलंय. आश्रमात आजही तिची समाधी आहे, शेजारी हरीण, कावळा आणि कुत्रा यांच्याही आहेत. जैन विचारात, म्हणजे आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी मराठी घरांत जो पाळला जातो त्यात, मोक्ष मनुष्यजन्मातूनच मिळतो, पण मन असलेल्या पंचेंद्रिय प्राण्याला सम्यक दर्शन, म्हणजे खरी दृष्टी, होऊ शकतं, तो अणुव्रतं, म्हणजे गृहस्थांची छोटी व्रतंही पाळू शकतो असं मानतात. महावीरांना डसलेला चंडकौशिक नाग शांत झाला आणि नंतर अंगावर मुंग्या चढल्या तरी त्या चिरडू नयेत म्हणून हलला नाही, ही गोष्ट मुलीला जरूर सांगा.

आणि ज्ञानदेवांची सांगा. पैठणला रेड्याने वेद म्हटले एवढंच सगळ्यांना माहीत असतं, जुन्नरजवळ आळ्याला त्याची समाधी आहे तिथे लोक जातातही. पण त्या कथेत वेदांच्या आधी काय आहे, तर रेड्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं काशीचं पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, त्या गाढवाने काही अभंग म्हटला नव्हता. आपल्या संतांनी जनावराची परीक्षा घेतली नाही, त्याचं दुखणं आणि तहान ओळखली. मुलीला मोक्षाचं उत्तर हो किंवा नाही असं मी देऊ शकत नाही, पण तो तुमच्यावर प्रेम करत होता का, तुम्ही जवळ असताना त्याला बरं वाटत होतं का, याचं उत्तर हो आहे आणि ते तिला बेधडक द्या.

विधीला कोणाची आडकाठी नाही. त्याचा पट्टा, त्याचं भांडं, एक दिवा, घरच्यांनी चार आठवणी सांगायच्या, मुलीला हवं ते बोलू द्यायचं, रडू द्यायचं. लगेच दुसरं पिल्लू आणून तिला गप्प करू नका. आणि ज्यांच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्यांनी शेवटची सोय आधीच विचारून ठेवावी, मुंबईत मालाडला महापालिकेची पाळीव प्राण्यांच्या दहनाची सोय आहे, बाकी शहरांत आपापल्या महापालिकेत चौकशी करा, ऐन वेळी धावपळीत कुठेतरी नाल्याकाठी टाकून यावं लागू नये.