शाळेजवळचा ऑर्केस्ट्रा बार आणि एक किलोमीटरची अट

प्रश्न : आमची सोसायटी पनवेलमध्ये आहे. शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यात ऑर्केस्ट्रा बार सुरू होत असून तेथून शाळा साधारण 300 मीटरवर आहे. शाळा किंवा देवळापासून एक किलोमीटरच्या आत डान्सबार चालवता येत नाही, असे ऐकले आहे. त्या आधारे परवान्याला हरकत घेता येईल का?

उत्तर : सचिव महोदय, ज्या अटीवर तुमची भिस्त आहे, ती आज अस्तित्वात नाही. 2016 च्या डान्सबारविषयक कायद्याबरोबर आलेली एक किलोमीटरची अट सर्वोच्च न्यायालयाने 17 जानेवारी 2019 रोजी रद्द ठरवली. मुंबईत एक किलोमीटरच्या परिघात शाळा किंवा प्रार्थनास्थळ नाही अशी जागा मिळणे जवळपास अशक्य असल्यामुळे ही अट पाळायची म्हटले तर व्यवसायच बंद पडतो. आणि 2005 ची डान्सबारबंदी तर याच न्यायालयाने 2013 मध्ये घटनाबाह्य ठरवली होती. अमेरिकेतील रेंटन शहराने प्रौढांसाठीच्या चित्रपटगृहांवर घातलेली 1000 फुटांची अट मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयात 1986 मध्ये टिकली, कारण शहरातील 5 टक्क्यांहून अधिक, म्हणजे 520 एकर जमीन त्यांना मोकळी राहत होती. आपल्या सरकारने असा हिशेब मांडून मगच अंतर ठरवले असते, तर ते टिकण्याची शक्यता अधिक होती, असे माझे मत आहे.

शिवाय तुमच्या शेजारी येत आहे तो ऑर्केस्ट्रा बार. तेथे गाण्याची मुभा असते, नाचण्याची नसते. मंचावर महिला किती असाव्यात हा मुद्दाही हरकतीत घेऊ नका, कारण चार महिला आणि चार पुरुष ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये रद्द केली असून एकूण आठ कलाकारांची मर्यादा तेवढी कायम ठेवली आहे. उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांतील 75 मीटरचे अंतरही 300 मीटरवरील शाळेच्या बाबतीत तुमच्या उपयोगाचे नाही.

तुमचे खरे बळ नियोजन प्राधिकरणाच्या दप्तरात असू शकते. जागा महापालिकेच्या अखत्यारीत आहे की सिडकोच्या, हे आधी पाहा आणि माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्राच्या प्रती मागा; उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. गाळा साधे दुकान म्हणून मंजूर असेल आणि परवानगीशिवाय त्यात हॉटेल, मंच किंवा पोटमाळा केलेला असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 52 व 53 खाली कारवाई मागता येते. आग लागल्यास बाहेर पडण्याच्या वाटांबाबत अग्निशमन विभागाकडे वेगळा अर्ज करा. हे अर्ज नीरस वाटतील. पण "संस्कृतीला धोका" असे लिहिलेल्या निवेदनापेक्षा मोजमापासह केलेली तक्रार अधिकाऱ्याला बाजूला सारणे अवघड जाते.

परवाना अद्याप दिला गेला नसल्यास पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे लेखी हरकत नोंदवून पोच घ्या. बार सुरू झाल्यानंतर आवाजाचा त्रास झाला, तर निवासी क्षेत्रात रात्री 10 नंतरची मर्यादा 45 डेसिबल आहे. 112 वर तक्रार करून तिचा क्रमांक दरवेळी लिहून ठेवा. रहिवाशांनी दारात उभे राहून गिऱ्हाईक अडवण्याचा मार्ग मात्र पत्करू नये, कारण मग गुन्हा बारमालकाऐवजी तुमच्यावर दाखल होण्याचा संभव आहे.